मुदतीआधी जन्मलेले मूल नजर देत नाही: दृष्टिदोष की स्वमग्नता?

गर्भाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले मूल पुढे चेहऱ्याकडे पाहत नसेल, हाकेला लक्ष देत नसेल किंवा इतर मुलांत मिसळत नसेल, तर त्यामागे मेंदूशी संबंधित दृष्टिदोष असू शकतो किंवा स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, असू शकते. जळगाव, धुळे वा नंदुरबारच्या नवजात कक्षातून घरी आलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा तपासून झाला आणि ‘डोळे चांगले आहेत’ असे कळले की घरचे लोक दृष्टीचा विषय संपला असे धरतात. गफलत नेमकी तिथे होते.

ती तपासणी आवश्यकच आहे. आपल्याकडे ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांची ती ३० दिवसांच्या आत व्हावी लागते, आणि फार लहान बाळांची त्याहूनही लवकर. पण त्यात पाहिली जाते ती पडद्यावरील रक्तवाहिन्यांची वाढ. मेंदूचे त्यातून काही कळत नाही. साधारण २४ ते ३२ आठवड्यांच्या काळात मेंदूतील पोकळ्यांलगतचा पांढरा भाग फार नाजूक असतो आणि रक्तपुरवठा कमी पडल्यास किंवा जंतुसंसर्ग झाल्यास त्याला इजा पोहोचू शकते. डोळ्यांकडून आलेले संदेश मेंदूच्या मागच्या भागाकडे नेणारे तंतू तिथूनच जात असल्यामुळे तक्त्यावरची अक्षरे नीट वाचणारे मूलही पायाजवळची पायरी चुकते आणि गर्दीतून एक गोष्ट वेगळी काढू शकत नाही. घरच्या ओट्यावर आईला लगेच ओळखणारे असे मूल चोपड्याच्या आठवडी बाजारात, रंगीबेरंगी लुगड्यांच्या दाटीत, समोर उभ्या आईकडे अनोळखी नजरेने पाहते. लोक त्याला माणूसघाणे म्हणतात, जे अन्यायाचे आहे.

असे मूल आवाज ऐकताच सहसा खुलते, शांत जागी आणि साध्या पार्श्वभूमीवर चेहरा अधिक वेळ न्याहाळते, आणि थकल्यावर त्याचे पाहणे आणखी बिघडते. स्वमग्नतेत मात्र अडचण दृष्टीपुरती राहत नाही: हाकेला प्रतिसाद कमी मिळतो, आवडलेली वस्तू बोट दाखवून दुसऱ्याला दाखवण्याची ओढ कमी असते, आणि त्याच त्या हालचाली किंवा ठरावीक क्रमाचा आग्रह दिसतो.

तरीही सीमारेषा स्वच्छ नाही. अंधारात फक्त सांध्यांवरचे ठिपके हलताना पाहूनही आपण ‘माणूस चालतोय’ हे ओळखतो, हे स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये दाखवले. मुदतीआधी जन्मलेल्या काही मुलांना ही ओळख अवघड जाते. चालण्यावरून, हावभावावरून समोरच्याचा हेतू ताडण्यासाठी हीच क्षमता लागते, त्यामुळे पाहण्यातली उणीव पुढे वागण्यातली उणीव म्हणून दिसू शकते. शिवाय अशा मुलांत स्वमग्नतेचे प्रमाणही अधिक असते आणि दोन्ही एकाच मुलात असू शकतात.

म्हणून स्वमग्नतेचा शिक्का मारण्याआधी मेंदूची दृष्टी तपासून घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. कारण एका मुलाला मोकळी मांडणी आणि आवाजाची साथ लागते, तर दुसऱ्याला संवादाचे प्रशिक्षण. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील जिल्हा पातळीवरच्या डीईआयसी केंद्रात, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार देणाऱ्या केंद्रात, जाताना डिस्चार्ज कार्ड सोबत न्यावे आणि बाळाचे वय जन्मतारखेवरून नव्हे, तर डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजून सांगावे. दोन महिने आधी जन्मलेले बाळ चौथ्या महिन्यात हसू लागले, तर ते उशिरा हसले असे होत नाही.