पदक की नाणं? पंधराव्या शतकातल्या इटलीतले धातूवरचे चेहरे

फोटोत दोन्ही सारखीच दिसतात. गोल धातू, एका बाजूला मान वळवलेला चेहरा, कडेने लॅटिन अक्षरं. म्हणून प्रबोधनकाळातलं ब्राँझचं पदक बघून पुष्कळांना ते जुनं नाणंच वाटतं. फोटोत आकार कळत नाही, हे त्याचं मुख्य कारण. पिसानेल्लो या इटालियन चित्रकाराने १४४७ साली घडवलेल्या, मांतुआच्या राजघराण्यातल्या चेचिलिया गोन्झागाच्या पदकाचा व्यास साडेआठ सेंटीमीटरच्या आसपास आहे. ते जवळजवळ तळहातभर असतं.

नाणी टांकसाळीत पाडत: दोन ठशांमध्ये चकती ठेवायची आणि वरून घाव घालायचा. त्यामुळे उठाव बेताचाच. पदक त्या काळी बहुधा ओतत. आधी मेणात चेहरा घडवायचा, त्यावरून साचा करायचा, साच्यात वितळलेलं ब्राँझ सोडायचं. गालाचा मऊपणा, केसांची बट अशा पदकात उतरते ती यामुळे. (सोळाव्या शतकात पदकंही ठशांनी पाडू लागले, पण ती पुढची गोष्ट.)

मला महत्त्वाचा वाटतो तो फरक हक्काचा आहे. नाण्यावरचा चेहरा म्हणजे सत्ता. व्हेनिसचा डोज (म्हणजे त्या प्रजासत्ताकाचा निवडलेला प्रमुख) निकोलो त्रोन याने १४७२ मध्ये स्वतःचा चेहरा असलेला चांदीचा लिरा, म्हणजे तिथलं नाणं, काढला. त्याच्या मृत्यूनंतर प्रजासत्ताकाने नाण्यांवर डोजचं व्यक्तिचित्र घालायलाच बंदी केली. पदकाला मात्र ना किंमत, ना राजाज्ञा. म्हणून त्यावर एक शिक्षकही येऊ शकला: मांतुआत राजपुत्रांच्या बरोबरीने गरिबांच्या मुलांना शिकवणारा वित्तोरिनो दा फेल्त्रे. पिसानेल्लोने त्याच्या पदकाच्या मागच्या बाजूला पेलिकन काढला, स्वतःचं रक्त पाजून पिलांना जगवतो अशी ज्याची ख्याती होती तो पक्षी. शिक्षकाचा याहून मोठा सन्मान मला तरी माहीत नाही.

चेचिलिया याच वित्तोरिनोची विद्यार्थिनी. तिने ठरलेलं लग्न नाकारून मठाची वाट धरली. तिच्या पदकाच्या मागे अर्धवस्त्र तरुणी बसली आहे, शेजारी लांब केसांचा, बोकडासारखा एकशिंगी प्राणी शांत पहुडलाय, वर चंद्रकोर आहे. हा प्राणी फक्त कुमारिकेलाच वश होतो अशी समजूत होती. एका मुलीचा निर्णय इथे ब्राँझमध्ये कायम झाला, आणि शेजारच्या खांबावर पिसानेल्लोने ‘चित्रकार पिसानोची कृती’ अशी सहीही केली. कलावंताची इतकी ठळक सही नाण्यावर क्वचितच सापडेल.

पदकं बाजारात फिरत नसत. ती मित्रांना, दरबारांना भेट म्हणून जात. इटलीतल्या रिमिनीचा सत्ताधीश सिजिस्मोंदो मालातेस्ता याने तर पदककार मात्तेओ दे पास्तीने केलेली आपली पदकं इमारतींच्या भिंतींत पुरून ठेवली, पुढच्या काळातल्या माणसांना सापडावीत म्हणून.

जुन्या पदकावरूनच नवा साचा काढून पुढेही प्रती ओतल्या गेल्या. थंड होताना धातू आक्रसतो, त्यामुळे अशी प्रत मुळापेक्षा किंचित लहान भरते आणि तिचे बारकावे बोथट होतात. जाणकार म्हणूनच पदक हाती आलं की आधी व्यास मोजतात.