सिलेक्टिव्ह सर्व्हिस नोंदणी

अमेरिकेत वयाची १८ वर्षे पूर्ण झालेल्या पुरुषांची, पुढेमागे सक्तीची लष्करभरती करावी लागली तर हाताशी असावी म्हणून ठेवली जाणारी नावनोंदणी. नोंदणी म्हणजे भरती नव्हे. १९७३ नंतर त्या देशात कोणालाही सक्तीने सैन्यात घेतलेले नाही. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, नव्याने कायदा करून राष्ट्राध्यक्षांना अधिकार दिल्याखेरीज या यादीतून एकालाही बोलावता येत नाही. यादी सांभाळणारी सिलेक्टिव्ह सर्व्हिस सिस्टिम ही स्वतंत्र संस्था आहे. ती संरक्षण खात्याच्या अखत्यारीत येत नाही.

पहिल्या महायुद्धात उतरल्यावर अमेरिकेने १९१७ मध्ये ही पद्धत सुरू केली. सुमारे २ कोटी ४० लाख पुरुषांनी नावे नोंदवली आणि त्यांतले २८ लाखांच्या आसपास सैन्यात गेले. देश युद्धात नसताना सक्तीची भरती प्रथम झाली ती १९४० च्या कायद्याने. कोणाला घ्यायचे, कोणाला सवलत द्यायची हे गावोगावची स्थानिक मंडळे ठरवत. व्हिएतनाम युद्धात याच सवलती डोळ्यांत खुपू लागल्या. कॉलेजात शिकणाऱ्यांना मुदतवाढ मिळे, त्यामुळे फी भरण्याची ऐपत नसलेल्या घरांतली मुले आधी रवाना होत.

हा पक्षपात टाळण्यासाठी १ डिसेंबर १९६९ रोजी वॉशिंग्टनमध्ये सोडत काढली गेली. १९४४ ते १९५० या काळात जन्मलेल्यांसाठी वर्षातल्या प्रत्येक तारखेची एक, अशा ३६६ निळ्या प्लॅस्टिकच्या कुप्या काचेच्या मोठ्या बरणीत टाकल्या होत्या. पहिली चिठ्ठी १४ सप्टेंबरची निघाली. त्या तारखेला जन्मलेल्यांना सर्वांत आधी बोलावणे येणार, हे देशाने टीव्हीवर पाहिले. पुढे १९५ व्या क्रमांकापर्यंतच्यांना बोलावले गेले. पण कुप्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या होत्या आणि नीट ढवळल्या नव्हत्या, त्यामुळे वर्षअखेरच्या तारखा वरच राहून आधी निघाल्या. डिसेंबरच्या ३१ तारखांपैकी अवघ्या पाच या १९५ च्या पलीकडे राहिल्या! आकडेवारीच्या अभ्यासकांनी ही गफलत लगेच दाखवून दिली. पुढच्या वर्षीपासून तारखा आणि क्रमांक वेगवेगळ्या पिंपांतून काढले जाऊ लागले, आणि आजची कागदावरची योजनाही तशीच आहे. उद्या सोडत निघालीच तर त्या वर्षी २० वर्षांचे होणारे पहिले, मग २१ ते २५ चे, आणि सर्वांत शेवटी १९ व १८ चे.

१९७३ मध्ये सक्तीची भरती थांबली आणि १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी नोंदणीही थांबवली. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यावर कार्टर यांनी १९८० मध्ये ती पुन्हा सुरू केली. १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ती लागू आहे.

आजवरच्या कायद्यानुसार अठराव्या वाढदिवसाच्या आगेमागे ३० दिवसांत नाव द्यायचे असते. उशिराची नोंदणी सव्विसावा वाढदिवस येईपर्यंत चालते, नंतर खिडकी कायमची बंद. नाव न देणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. प्रत्यक्षात १९८६ नंतर या गुन्ह्यासाठी कोणावर खटला भरलेला नाही. दहशत उरली आहे ती इतरत्र : केंद्र सरकारची नोकरी मिळत नाही, आणि परदेशातून आलेल्याचे नागरिकत्व अडू शकते.

अमेरिकेतल्या मराठी घरांचा या नियमाशी संबंध येतो तो इथेच. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकणारा किंवा आईवडिलांबरोबर एच-४ या आश्रित व्हिसावर राहणारा मुलगा, व्हिसा वैध असेपर्यंत, यातून सुटतो. मात्र १८ ते २५ या वयात ग्रीन कार्ड हाती पडले की ३० दिवसांत नोंदणी करावी लागते. कागदपत्रांविना राहणाराही सुटत नाही. ‘आम्ही तर अजून नागरिक नाही’ अशा समजुतीने हे राहून जाते आणि पुढे नागरिकत्वाच्या अर्जात नेमका हाच प्रश्न येतो. अर्जदार २६ ते ३१ वर्षांचा असेल, तर नोंदणी जाणूनबुजून टाळली नव्हती हे त्याला पटवून द्यावे लागते.

शस्त्र उचलणे सदसद्विवेकाला पटत नाही असे म्हणणाऱ्यांनाही नोंदणीतून सूट नाही. तो दावा बोलावणे आल्यावरच मांडता येतो, म्हणून काही जण निषेध म्हणून अर्जाच्या समासातच तसे लिहून ठेवतात. मुष्टियोद्धा मुहम्मद अली याने १९६७ मध्ये ह्यूस्टन येथे भरतीस नकार दिला; त्याची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये रद्द केली.

स्त्रियांना नोंदणी लागू नाही. स्त्रियांना लढाऊ तुकड्यांत घेत नसल्याने हा भेद घटनेला धरून आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी ठरवले. २०१५ च्या अखेरीस त्या सर्व जागा स्त्रियांना खुल्या झाल्या आणि निकालाचा आधारच निसटला. तरी २०२१ मध्ये न्यायालयाने हा प्रश्न पुन्हा हाती घेतला नाही. काँग्रेस त्यावर विचार करत असल्याचे कारण काही न्यायमूर्तींनी नोंदवले. डिसेंबर २०२५ च्या संरक्षण कायद्याने, मुलांनी स्वतः नाव देण्याऐवजी सरकारी नोंदींवरून ते आपोआप यादीत चढवण्याची तरतूद केली. ही यादीही पुरुषांचीच आहे.