किट कारचे वायपर : मिरगाच्या आधी दाखवून घ्या
(धुळ्याच्या आमच्या ऑटो इलेक्ट्रिक वर्कशॉपकडून ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

खान्देशात किट स्पोर्ट्स कार, म्हणजे सुटे भाग आणून जोडलेल्या गाड्या, मोजक्याच. कुणी फायबरची बॉडी आणून जुन्या इंजिनवर जोडलेली, कुणी बाहेरून आलेली जुनी टू-सीटर हौसेनं सांभाळलेली. वर्षभर या गाड्या फार्महाऊसच्या शेडमध्ये कापडाखाली उभ्या असतात, आणि पहिल्या पावसानंतर आम्हाला फोन येतो : "वायपर अर्ध्यातच अडकतोय, नवी मोटर बसवून द्या."

आमचं सांगणं असं की मोटरचे पैसे लगेच खर्च करू नका. आमच्याकडे आलेल्या बहुतेक गाड्यांत मोटर धडधाकट होती. दोष असतो तो मोटरला खेचावं लागणाऱ्या ओझ्यात, नाहीतर तिच्यापर्यंत पोचणाऱ्या करंटमध्ये. ज्या मिस्त्रींकडे आम्ही काम शिकलो ते अहिराणीत एवढंच म्हणायचे, "आधी वायर देख भो, मंग मोटरले हात लाव." आजही आमचं काम याच क्रमानं चालतं.

आत काय असतं

नेहमीच्या कारमध्ये काचेखाली भरपूर जागा असते, तिथे मोटर आणि लोखंडी दांड्यांची जोडणी बसते. किट कारमध्ये ती जागाच नसते. यातल्या बऱ्याच गाड्यांचा घाट १९५७ साली इंग्लंडमध्ये आलेल्या लोटस सेव्हनवरून घेतलेला आहे : बुटकी काच, अरुंद डॅशबोर्ड. तिकडे सुटे भाग घेऊन गाडी घरी जोडली तर १९७३ पर्यंत खरेदी कर लागत नसे, त्यामुळे किटची चाल वाढली आणि त्या काळातल्या चालू गाड्यांचेच वायपर या किटना लागले. म्हणून आजही बऱ्याच गाड्यांत लुकास या इंग्लिश कंपनीची १४डब्ल्यू नावाची वायपर मोटर किंवा तिच्यासारखीच रचना सापडते.

त्यात मोटर एका बाजूला असते. तिच्यातून स्प्रिंगसारखी पिळाची तार गुंडाळलेली एक केबल निघते, तिला रॅक म्हणतात. रॅक पातळ स्टीलच्या नळीतून मागे-पुढे सरकते. वाटेत प्रत्येक वायपरखाली एक व्हीलबॉक्स असतो. त्यातल्या लहान दातेरी चाकाला रॅक फिरवते आणि त्या चाकाच्या स्पिंडलवर वायपरचा आर्म बसतो. रचना साधी आणि मजबूत आहे, पण नळीत ग्रीस हवं आणि नळी कुठे दबलेली नको.

आपल्याकडे नेमकं ग्रीसच टिकत नाही. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. बंद शेडमध्ये, बॉनेटखाली त्याहून जास्त. जुनं ग्रीस सुकून मेणासारखं घट्ट होतं, त्यात धूळ बसते. मग जून महिन्यात मोटर त्या चिकट नळीतून रॅक ओढताना धापा टाकते.

याची एक खात्रीची चाचणी आहे. दोन्ही आर्म काढायचे, रॅक मोटरपासून सोडवायची आणि ताणकाट्याला अडकवून ओढायची. १४डब्ल्यूसाठी ठरलेली मर्यादा ६ पौंड, म्हणजे २.७ किलो. काटा त्याच्या वर गेला तर दोष नळीत, रॅकमध्ये किंवा स्पिंडलमध्ये आहे. आम्ही ही चाचणी ग्राहकाच्या समोरच करतो, काटा तुम्ही स्वतः वाचा. मग रॅक बाहेर काढून रॉकेलनं धुतो, नळी आतून साफ करतो, दबलेला तुकडा बदलतो, नवं ग्रीस भरतो. व्हीलबॉक्समधलं चाक पूर्ण फेरी कधीच मारत नाही, त्यामुळे दाते एकाच बाजूनं झिजतात. ते चाक १८०° फिरवून बसवलं की न झिजलेले दाते कामाला येतात. नवा व्हीलबॉक्स मागवण्याआधी हे जरूर करून पाहावं.

अर्थिंग : फायबर बॉडीचं खरं दुखणं

पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थचं, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेण्याचं, काम करते. फायबरमधून करंट वाहत नाही. तिथे मोटरपासून चेसिसपर्यंत किंवा थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत वेगळी वायर लागते, आणि जोडणारे नेमके हेच विसरतात. चाळीसगावचे एक ग्राहक दुसरीकडून दोनदा मोटर बदलून आमच्याकडे आले होते. कन्नडच्या घाटात पावसात आणि धुक्यात वायपर मध्येच थांबायचा, आणि शेजारी मुलगी बसलेली. आम्ही पाहिलं तर अर्थची वायर होती, पण रंगावरच बोल्टनं कसलेली. रंग खरवडला, टर्मिनल साफ केलं, जाड वायर टाकली. त्यांची आधीची मोटर डिकीतच पडून होती. ती तपासली, तर तीही चांगली निघाली. घाटात समोरचं दिसेनासं होणं म्हणजे काय हे ज्यानं अनुभवलंय त्याला हा खर्च किती वाया गेला ते वेगळं सांगायला नको.

घरी मल्टिमीटर असेल तर वायपर चालू ठेवून एक टोक मोटरच्या अंगाला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. आकडा शून्याच्या जवळच हवा. अर्धा व्होल्ट दिसला तरी अर्थ खराब समजा. पॉझिटिव्हच्या बाजूला जुना स्विच आणि बारीक वायर व्होल्टेज खातात, तिथे रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) टाकला की फरक लगेच जाणवतो.

एवढं झाल्यावरच मोटर उघडायची. रॅक सोडून मोकळी चालवली तर १४डब्ल्यू हळू स्पीडला मिनिटाला ४६ ते ५२ फेऱ्या मारते आणि साधारण दीड अँपिअर घेते. मोटरमधले कार्बन ब्रश ५ मिलिमीटरपेक्षा कमी उरले असतील तर बदलायचे.

काच आणि ब्लेड

या गाड्यांची काच बहुधा सपाट असते. बाजारात मिळणारे नवे बिनजोडाचे ब्लेड बाकदार काचेसाठी आधीच वाकवलेले असतात. सपाट काचेवर त्यांची टोकं दाबतात आणि मधला भाग नीट टेकत नाही, म्हणजे नेमकी डोळ्यांसमोरची पट्टी ओली राहते. सपाट काचेला जुन्या पद्धतीचा, सरळ पाठीचा ब्लेडच घ्या. ब्लेड करकरत थडथडत चालत असेल तर आर्म पिळला गेलेला असतो. रबर काचेवर सरळ उभं राहील एवढा तो सावकाश वळवायचा.

सुरत-नागपूर रस्त्यावर ट्रकांच्या मागे गाडी चालवली की काचेवर तेलकट थर बसतो. तो साबणाच्या पाण्यानं काढा, डिझेलनं पुसू नका. बोअरच्या पाण्याचे क्षार काचेवर डाग पाडतात आणि वॉशरचं नोझल बुजवतात, त्यामुळे वॉशरच्या टाकीत फिल्टरचं पाणी भरा. उन्हाळ्यात गाडी उभी असेल तेव्हा आर्म उचलून ठेवा किंवा ब्लेड काढून घरात ठेवा.

सुधारणा करायच्या असतील तर

सर्वात उपयोगी सुधारणा म्हणजे थांबून-थांबून चालणारा वायपर. रिमझिम पावसात कोरड्या काचेवर रबर घासत नाही. पण त्यासाठीचा रिले जोडताना एक गोष्ट सांभाळावी लागते. स्विच बंद केल्यावर ब्लेड आपल्या जागी आला की मोटरमधला पार्किंग स्विच मोटरची दोन टोकं एकमेकांना जोडतो, त्यानंच ब्लेड जागच्या जागी थांबतो. घाईत रिले टाकून ही जोडणी बिघडवली तर ब्लेड पुढे निसटतो, नाहीतर फ्यूज जातो. इंटरनेटवरचं चित्र पाहून हे काम करू नका अशी आमची कळकळीची विनंती आहे.

ब्लेड काचेचा कोपरा पुसत नसेल तर मोटरमधला गिअर बदलता येतो. ब्लेड किती अंश फिरणार तो आकडा गिअरवरच कोरलेला असतो. जास्त अंशांचा गिअर टाकण्याआधी ब्लेड फ्रेमला लागणार नाही ना, हे हातानं फिरवून पाहतो. एका स्पीडची मोटर असेल तर दोन स्पीडची बसवून देतो. स्टिअरिंग इंग्लंडमध्येही आपल्यासारखं उजवीकडेच, त्यामुळे तिकडचे भाग ब्लेड थांबण्याची जागा न बदलता लागतात.

काच असलेल्या मोटारगाडीला करंटवर चालणारा, नीट काम करणारा वायपर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १०१ प्रमाणे लागतोच. गाडीच्या नोंदणीचं काम मात्र आम्ही करत नाही, त्यासाठी आरटीओत विचारावं.

अखाजी (अक्षय तृतीया) झाली की गाडी आणा, तेव्हा आमच्याकडे गर्दी नसते. पूर्ण काम एका दिवसात होत नाही, रॅक धुऊन वाळायलाच वेळ लागतो. किटसोबत आलेला वायरिंगचा नकाशा असेल तर तो सोबत ठेवा, आणि आधी बदललेली जुनी मोटर घरात असेल तर तीही घेऊन या.