ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे

मानसशास्त्रातल्या 'ऋण प्रबलन' या संज्ञेतला 'ऋण' शब्द वाचला की डोळ्यांसमोर छडी येते आणि तिथेच अर्थ चुकतो. इथे ऋण म्हणजे वाईट नव्हे, निव्वळ वजाबाकी: वर्तनानंतर काहीतरी निघून जातं. वर्तन पुढे वाढलं तर प्रबलन, घटलं तर शिक्षा. म्हणून आधी विचारायचं, वर्तन वाढलं की घटलं? त्यानंतरच, काही मिळालं (धन) की गेलं (ऋण)? हा क्रम उलटा केला की गोंधळ ठरलेलाच.

या गोंधळाला इतिहासही आहे. वर्तनाचा अभ्यास करणारा मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर, खुद्द त्यानेच १९३८ मध्ये 'ऋण प्रबलन' हा शब्द आज आपण ज्याला शिक्षा म्हणतो त्या अर्थाने वापरला होता. १९५३ पर्यंत त्याने अर्थ बदलला. जुना मजकूर वाचताना साल आधी बघा.

नागपूरचा मे महिना घ्या. उन्हातून घरी आल्या आल्या हात कूलरच्या बटणाकडे जातो. बटण दाबलं, उकाडा कमी झाला, दाबण्याची सवय पक्की झाली. ही सुटका. बाहेर पडण्याआधीच डोक्या-तोंडाला दुपट्टा गुंडाळला, तर झळ लागण्याआधीच चुकली. हे टाळणं. दोन्ही ऋण प्रबलनच. शिक्षा इथे कुठेच नाही, कारण कुठलंही वर्तन घटलेलं नाही.

आता नागपूरच्याच व्हरायटी चौकातलं, हेल्मेट नसल्याचं चालान. पैसे गेले आणि त्यानंतर उघड्या डोक्याने गाडी चालवणं कमी झालं, तर ती ऋण शिक्षा. पण तोच माणूस लांबून वाहतूक पोलीस दिसताच हँडलला अडकवलेलं हेल्मेट डोक्यावर चढवतो, तेव्हा हेल्मेट घालण्याला ऋण प्रबलन मिळतं. चौक ओलांडला की हेल्मेट परत हँडलला, कारण धोक्याची खूण मागे पडली. चालान एकच, वर्तनं दोन. नाव घटनेला देऊ नका, वर्तनाला द्या.

सगळ्यात शिकण्यासारखा प्रसंग नागपूरच्या बर्डीच्या (सीताबर्डी) बाजारात दिसतो. चार वर्षांचं पोर खेळण्यासाठी रस्त्यातच लोळण घेतं. आई तीनदा 'नाही' म्हणते, चौथ्यांदा घेऊन देते. पोराला रडण्यातून खेळणं मिळालं: धन प्रबलन. आईच्या कानाशी चाललेलं रडं थांबलं, म्हणून तिचं 'घेऊन देणं' बळकट झालं: ऋण प्रबलन. दोघंही एकमेकांना शिकवताहेत.

हे मोडायचं तर रडण्यावर काहीच द्यायचं नाही. मात्र सुरुवातीला रडणं उसळतं. ती विलोपनाची, म्हणजे प्रबलन बंद करून सवय मोडण्याची, नेहमीची उसळी. नेमकं तेव्हाच दिलं, तर अजून मोठ्याने रडावं लागतं एवढंच पोर शिकतं. कधी द्यायचं, कधी नाही, हे तर त्याहून वाईट: अधूनमधून मिळणारं प्रबलन सवय फार चिवट करतं. घेऊन द्यायचंच असेल, तर पहिल्यांदा नीट मागितलं तेव्हाच द्या.

आणि चापट? रडणं क्षणभर थांबतं, म्हणून मारणाऱ्याच्या हातालाच ऋण प्रबलन मिळतं. सवय लागते ती मारण्याची. शिवाय चापटीचा परिणाम टिकतोच असं नाही. स्किनरच्या प्रयोगात उंदरांच्या दोन गटांना कळ दाबल्यावर मिळणारं खाणं बंद केलं होतं. एका गटाला सुरुवातीची काही मिनिटं कळ दाबल्यावर पंजावर फटका बसे. त्या वेळी त्यांचं दाबणं मंदावलं, पण दोन दिवसांअखेर दोन्ही गटांची एकूण बेरीज जवळजवळ सारखीच निघाली.