माळरान वेगळं, तोडलेलं रान वेगळं

जून जवळ आला की 'उजाड माळ हिरवे करू या' असे फलक लागतात. 'माळ' आणि 'उजाड' हे दोन शब्द इतके एकमेकांना चिकटले आहेत की आता कुणाला खटकतही नाहीत. सरकारी नकाशांतही गवताळ जमिनीच्या मोठ्या पट्ट्यांवर 'पडीक'चा शिक्का आहे. गायरान, कुरण आणि पोटखराबा यांची सरमिसळही होते, पण ती महसुली भाषेतली आहे, तलाठ्याला विचारलं की सुटते. कोकण-साताऱ्याकडचा सडा म्हणजे जांभ्याचा कातळ, तो तिसराच प्रकार. खरा घोळ माळ आणि तोडलेलं जंगल यांत आहे.

जंगल तोडल्यावर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. माती वाहते, घाणेरी माजते, आणि चराई-कुऱ्हाड थांबली तर रान हळूहळू परत उभं राहतं. शाळेत शिकवतात तोच अनुक्रमणाचा जिना: आधी गवत, मग झुडूप, शेवटी झाड. माळाबद्दलचा गैरसमज याच जिन्यातून येतो. गवत पहिल्या पायरीवर शिकवलं जातं, म्हणून जिथे गवत दिसेल तिथे वरच्या पायऱ्या कुणीतरी पाडल्या असणार असं वाटतं. अमेरिकेत वनस्पतिशास्त्रज्ञ क्लेमेंट्सने 1916 मध्ये मांडलं की प्रत्येक हवामानात या जिन्याचा एकच ठरलेला शेवट असतो. भारतातल्या गवतांचं वर्गीकरण झालं तेव्हाही आपली पवन्या-मारवेल गवतांची माळरानं 'जंगलाकडे जाताना अडलेली' म्हणूनच नोंदली गेली. तो समज अजून उतरलेला नाही.

सोलापूर, बारामती, माण-खटाव या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात पाऊस साधारण 500 ते 700 मिलिमीटर. वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. आठ महिने कोरडे, शिवाय चरणारी जनावरं आणि अधूनमधून वणवा. या सगळ्यात टिकतील अशी गवतं इथे आहेत आणि त्यांच्यामध्ये विरळ हिवर, बाभूळ, बोर. ही मांडणी म्हणजेच पूर्ण झालेली परिसंस्था, तिला पुढे कुठे जायचं नाही. ही गवतं सी-फोर गटातली, म्हणजे कडक उन्हात, कमी पाण्यात अन्न बनवण्याची खास पद्धत असलेली, आणि ती उपखंडात नवी नाहीत. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांतल्या जुन्या गाळाच्या थरांत त्यांचा विस्तार सत्तर-ऐंशी लाख वर्षांपूर्वीचा सापडतो, तेव्हा कुऱ्हाड धरायला माणूस नव्हता.

इथे हमखास प्रश्न येतो: 'पण लावलेलं झाड जगतं ना?' जगतं. टँकरने दोन उन्हाळे पाणी घातलं तर नक्कीच जगतं, आणि पाणी न घालता वेडी बाभूळही जगते. सगळे अडतात ते इथेच. झाड जगू शकतं याचा अर्थ तिथे पूर्वी जंगल होतं असा होत नाही. 600 मिलिमीटर पावसात माळही टिकतो आणि विरळ झाडीही. कोण राहील ते आग, चराई आणि मातीची खोली ठरवतात. म्हणूनच चराई पूर्ण बंद केलेल्या माळावर चार-पाच वर्षांत सुबाभूळ किंवा वेडी बाभूळ ही बाहेरून आणलेली झाडं शिरली, तर 'अनुक्रमण सुरू झालं' म्हणून आनंद करण्यासारखं काही नाही. ती घुसखोरी आहे.

मग ओळखायचं कसं? झाडं मोजून नव्हे, खाली वाकून. तोडलेल्या रानात जुने खुंट सापडतात. साग, ऐन, धावडा यांच्या बुडख्यांना झुबक्याने फुटवे आलेले असतात. माळावर असे खुंट नसतात. माळावर बहुवर्षायू गवताचे ठोंब दिसतात, एकेक ठोंब वर्षानुवर्षं त्याच जागी. पहिल्या पावसानंतर जमिनीतून कंद उगवतात, खरचुडीसारखे. उघड्यावर राहून, हंगाम संपला की जमिनीखाली दडणाऱ्या अशा वनस्पती सावलीत टिकत नाहीत. द्वीपकल्पाच्या सव्हानांत, म्हणजे विरळ झाडांच्या अशा गवताळ रानांत, दोनशेहून अधिक प्रदेशनिष्ठ (दुसरीकडे न आढळणाऱ्या) वनस्पती नोंदल्या आहेत, त्यांतल्या कित्येक गेल्या वीसेक वर्षांतच. शंभर वर्षांपूर्वी जंगल तोडून झालेल्या गवतात हा संच येत नाही.

माळही बिघडतो, हे खरं. अतिचराईने पवन्या-मारवेल मागे हटते, कुसळी वाढते, आणखी ताणलं तर फक्त एकवर्षायू काटक गवत उरतं. पण या दुखण्यावर रोपं हा उपाय नाही.

दोन्हींची दुरुस्ती निरनिराळी आहे. तोडलेल्या रानात कुऱ्हाडबंदी करा, प्रत्येक खुंटावर एक-दोन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे काढा, आणि मोकळ्या जागीच स्थानिक झाडं लावा. माळावर मात्र कुदळ शक्यतो बाहेरच ठेवा. 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल सलग समतल चर ठोंबांची मुळं तोडत जातो, आणि उकरलेल्या मुरुमावर पहिलं तण येतं. माळावर लावलेली ग्लिरिसिडिया, सुबाभूळ ही बाहेरची झाडं नुसती छाटली तर दुप्पट फुटतात, मुळासकट काढावी लागतात. बियाणं त्याच तालुक्यातल्या चांगल्या माळावरून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोळा करा आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर वरवर फेका. ताजं बी बहुधा सुप्त असतं, लगेच पेरलं तर उगवत नाही आणि दोष बियाण्याला दिला जातो. खोल गाडू नका, अर्धा-एक सेंटिमीटर पुरे. स्टायलो टाकण्याची हौस टाळा, ते बाहेरून आणलेलं चारापीक आहे. दोन पावसाळे जनावरं बाहेर ठेवा. नंतर बी झडल्यावर चार बोटं बुडखा ठेवून कापणी करा किंवा मर्यादित चराई द्या. कायमची बंदी घातली तर वाळल्या गवताचा थर साचून नवे फुटवे गुदमरतात.

चुकीची किंमत सोलापूरजवळच्या नान्नजच्या अभयारण्याने दाखवली. 1979 साली माळढोकासाठी राखलेल्या या परिसरातही ग्लिरिसिडियाच्या रांगा लावल्या गेल्या. माळढोक उघड्या जमिनीवर, साधारणपणे एका वेळी एकच अंडं घालतो आणि लांबवर नजर टाकून धोका ओळखतो. रांगांनी ती नजर अडवली. विणीचा वेग इतका कमी असेल तर एक प्रौढ मादी गेल्याची तूट भरून निघायला कित्येक हंगाम लागतात, म्हणून अधिवास थोडा आक्रसला तरी संख्या घसरत जाते. देशात आता हे पक्षी दीडशेच्याही आत आहेत.

तुमच्या गावच्या माळावर खड्डे मारण्याचा ठराव येईल तेव्हा ग्रामसभेत दोनच प्रश्न विचारा: जुने खुंट कुठे आहेत, आणि ठोंब काढून टाकल्यावर शेरडं-मेंढरं काय खातील?