बोर्डाने घडवलेला बूट

म्हापशाच्या बाजारात बाजूला पांढरी पट्टी असलेले सपाट तळव्याचे काळे बूट सर्रास दिसतात. बहुतेक जोड नकली असतात, आणि घेणाऱ्याने स्केटबोर्डवर कधी पाय ठेवलेला असेलच असे नाही. त्या पट्टीचा मूळ बूट ‘व्हॅन्स’ या अमेरिकी कंपनीचा, १९७७ चा आणि त्यामागची कथा कॅलिफोर्नियाची.

१९५० च्या दशकात तिथल्या सर्फरांनी लाटा नसलेल्या दिवशी फळीला चाके ठोकली. खेळ चालायचा बहुधा अनवाणी. १९६५ मध्ये रँडॉल्फ रबर कंपनीने खास या खेळासाठी बूट काढला खरा, पण स्केटबोर्डची पहिली लाटच ओसरली आणि तोही मागे पडला. पुढच्याच वर्षी, १६ मार्च १९६६ रोजी, पॉल व्हॅन डोरेन यांनी भाऊ आणि दोन भागीदारांसह अनाहाइममध्ये ‘व्हॅन्स’चा कारखाना नि दुकान एकत्रच उघडले. पहिल्या दिवशी १२ गिऱ्हाइके आली. सकाळी मागणी नोंदवायची, दुपारी बूट न्यायचे. कॅनव्हासला जाड रबरी तळवा चिकटवून तो भट्टीत पक्का केला जाई. उसगावच्या एमआरएफ कारखान्यात टायर पक्के होतात तेही याच तत्त्वावर, गंधक आणि उष्णता. तळव्याची जाळीदार नक्षी बोर्डाला घट्ट धरते हे स्केटरांनीच हेरले. एक पाय घासून थांबायची सवय, त्यामुळे एकच बूट आधी झिजे; दुकानातून सुटा बूटही मिळायचा. असा दुकानदार आपल्याकडे विरळाच!

१९७० च्या दशकात युरेथेनची चाके आली आणि वेग वाढला. १९७६ मध्ये टोनी अल्वा आणि स्टेसी पेराल्टा या स्केटरांच्या सूचनांवरून घोट्याभोवती गादी असलेला ‘एरा’ निघाला.

खरी उलथापालथ मात्र बोर्डासह हवेत घ्यायच्या ‘ऑली’ उडीने केली. अ‍ॅलन गेलफंडने दशकाच्या अखेरीस बाऊलमध्ये, म्हणजे वाटीसारख्या खोलगट भागात, साधलेली ही उडी स्केटर रॉडनी मलनने सपाट जमिनीवर आणली. मागच्या पायाने बोर्डाचे शेपूट आपटायचे आणि पुढच्या पायाची कड बोर्डावर चिकटवलेल्या खरखरीत ग्रिपटेपवरून वर घासत न्यायची. त्यामुळे बूट तळव्याऐवजी करंगळीपाशी फाटू लागला. तिथे कॅनव्हास टिकेना, म्हणून स्वीड हे मखमली पोताचे कातडे आले, दुहेरी शिवण आली. १९८९ मध्ये स्केटर स्टीव्ह कॅबालेरोच्या नावाचा उंच बूट निघाला, तेव्हा रस्त्यावरच्या पोरांनी तो घोट्याखाली कापून वर टेप गुंडाळली. १९९२ मध्ये कंपनीने तसाच बुटका ‘हाफ कॅब’ काढला. कंपन्या शोधाचे श्रेय घेतात, पण सुरी पोरांच्या हातात होती.

गोव्यात हा खेळ सर्फिंगप्रमाणेच किनाऱ्याच्या वाटेने आला. हणजूणला एका ब्रिटिश स्केटरने बांधलेला सिमेंटचा पार्क देशातल्या सुरुवातीच्या स्केटपार्कांपैकी. पुढे २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये स्केटबोर्डिंगला जागा मिळाली आणि घरच्यांची कुरकुर थोडी कमी झाली असावी.

बुटांचा प्रश्न मात्र इथला वेगळाच आहे. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या मुलखात स्वीडला बुरशी धरते आणि ओल्या सिमेंटवर चांगला तळवाही सटकतो. तेव्हा महागडा जोड घ्यायचाच असेल तर चवथीनंतर, पाऊस ओसरल्यावर घ्यावा.