फार्महाऊस वेगळं, शेतावरची खोली वेगळी

"दोघांसाठी नागपूरजवळ एखादं चांगलं फार्महाऊस सांगा ना." थंडी पडायला लागली की हा प्रश्न मला कोणी ना कोणी विचारतंच. मी उलट विचारतो, फार्महाऊस पाहिजे की शेतावर राहायचं आहे? "एकच ना ते!" असं उत्तर येतं, आणि तिथेच माझं डोकं फिरतं.

फार्महाऊस म्हणजे काय ते नागपूरकराला समजावायची गरज नाही. हिंगण्याकडे जा, अमरावती रोडला जा, नाहीतर वर्धा रोडला. उंच कंपाउंड, लॉन, पोहायचा टाका, चार-सहा खोल्या आणि एक चौकीदार. हळद, साक्षगंध, थर्टी फर्स्ट तिथेच होतात. शेती म्हणाल तर कडेने अशोकाची रांग. तुम्ही वीस जण असाल तर खुशाल जा, मजा येते.

शेतावरची खोली म्हणजे जिथे खरोखर शेती चालू आहे, तिथला जुना कोठा (गुरांचा गोठा), सालदाराची, म्हणजे वर्षाच्या करारावरच्या गड्याची खोली किंवा माल ठेवायची जागा दुरुस्त करून पाहुण्यांसाठी केलेलं लहानसं घर. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर या पट्ट्यात बहुधा संत्र्याच्या बागेत, भिवापूरकडे मिरची-धानाच्या शेजारी. दोघांपुरतंच. जाहिरातीत त्याला 'कॉटेज' म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही, पण ते जाऊ द्या.

खरा घोळ इमारतीचा नाहीच. तुम्ही भाड्याने काय घेतलं, हे लोकांना कळत नाही. फार्महाऊसमध्ये फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत सगळी जागा एका रात्रीपुरती तुमची. शेतावर तुमचा फक्त उंबरठ्याच्या आतला भाग आणि फार तर समोरचा ओटा. त्यापलीकडचं शेत शेतकऱ्याचं, आणि तुम्ही आलात म्हणून ते सुट्टीवर जात नाही.

सगळ्यात जास्त भांडण संत्र्यावरून होतं. बागेत राहतो आहोत, पैसे मोजले आहेत, मग चार संत्री तोडली तर काय बिघडलं? बिघडतं असं की आपल्याकडे बरेच बागवाले फळ झाडावर असतानाच बाग व्यापाऱ्याला विकून मोकळे होतात. इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली की त्या झाडांवरचं फळ व्यापाऱ्याचं. मालकालाही मग ते तोडता येत नाही, तर तुम्हाला कुठून देणार? कुणी प्रेमाने घरापुरती दोन झाडं राखून ठेवतो. त्याला आधी विचारा, मग हात लावा.

दुसरी तक्रार, 'बाग सुकलेली होती, फोटोत हिरवीगार दाखवली.' अहो, तो ताण असतो. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबर-जानेवारीत झाडांचं पाणी तोडतात, पानं मलूल होतात. पुन्हा पाणी दिलं की झाड फुलावर येतं. शेतकऱ्याने मुद्दाम केलेल्या कामाला आपण हलगर्जीपणा म्हणायचं, हे मला फार खटकतं. आंबियाचं फळ नोव्हेंबर-डिसेंबरात तुटतं, मृगाचं, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणाऱ्या बहाराचं, फेब्रुवारी-मार्चात. मला विचाराल तर फेब्रुवारीत जा. आंबियाची फुलं उमललेली असतात, रात्री खोलीचं दार उघडं ठेवलं की वास आत येतो. शेजारच्या धुऱ्यापलीकडे (बांधापलीकडे) कुणी मृग धरलेला असला तर फळही मिळतं. बायकोला तोच वास दाखवायला नेलं होतं मी. गुलाबाच्या पाकळ्या पसरून टॉवेलचे हंस करणाऱ्यांनी तो एकदा घेऊन पाहावा.

एकांताचंही तेच. माझ्या भाचीने लग्नाच्या वाढदिवसाला 'दोघांना पूर्ण प्रायव्हसी' म्हणून सहा खोल्यांचं फार्महाऊस घेतलं. माणूस खरंच एकही नव्हता. पण त्या लेआउटमध्ये भिंतीला भिंत लागून तसलीच आणखी फार्महाऊसं. पलीकडे हळद, रात्रभर डीजे. तिला कोणी फसवलं नव्हतं. जे घेतलं तेच मिळालं.

शेतावर याच्या उलट. शेजार नाही, रात्री खरोखर अंधार. पण माणसं असतात. शेतीच्या वेगळ्या वीजवाहिनीला, म्हणजे फीडरला, वीज पाळीपाळीने येते. रात्रीची पाळी असली की दोन वाजता कोणीतरी बॅटरी घेऊन मोटर सुरू करायला तुमच्या ओट्यासमोरून जाणारच. रोही (नीलगाय) आणि रानडुकरं पिकात शिरतात, म्हणून जागल, म्हणजे रात्रीची राखण असते, हाकाटी होते, कुत्री भुंकतात. कुंपणाच्या तारेला जनावरांना विजेचा हलका झटका देणारं झटका मशीन लावलेलं असतं, तिकडे फिरकू नका. पहाटे बाया कामाला येतात, तुमच्याकडे बघून हसतात. हे ज्यांना चालत नाही त्यांनी हॉटेलात जावं, आणि हे मी रागाने म्हणत नाही.

बाकी फरक किरकोळ. फार्महाऊसवर जेवण बाहेरून येतं किंवा आचारी न्यावा लागतो. शेतावर मालकाच्या घरचं, म्हणजे वांग्याचं भरीत, भाकर, नशीब असलं तर पाटवडी रस्सा. हुरडा जानेवारीत विचारा, मेमध्ये विचारून हसं करून घेऊ नका. कागदाचं म्हणाल तर 1966 च्या जमीन महसूल संहितेत शेतावरची इमारत म्हणजे अवजारं, खत, चारा, धान्य ठेवायला, जनावरं बांधायला, आणि शेतकऱ्याच्या घरच्यांना किंवा गड्यांना राहायला बांधलेली. पोहायचा टाका त्या यादीत नाही. पाहुणे ठेवण्यासाठी राज्याने 2020 मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. ती आहे का, एवढं विचारून घ्या.

छताचं मात्र नक्की विचारा. कोठ्याच्या जाड मातीच्या भिंती आणि वर कौलं असतील तर एप्रिलमध्येही कूलरवर निभतं. टिनाखाली पीओपी मारून भिंतीवर बंडीचं, म्हणजे बैलगाडीचं चाक टांगलं असेल, तर मार्चनंतर जाऊ नका. आणि ते चाक दिसलं की मला तसाही संशय येतो. ज्याच्याकडे बंडी चालू आहे तो चाक भिंतीवर कशाला टांगेल?

म्हणून फोन केलात की खोलीचे फोटो मागू नका. बाग उभी आहे की विकली, रात्रीची वीज कोणत्या वारी, आणि पांदण, म्हणजे शेतापर्यंतची कच्ची वाट, कशी आहे, एवढं विचारा. फार्महाऊसवाला 'पांदण?' म्हणून गप्प होईल. शेतवाला म्हणेल, "पाऊस आला तर गाडी डांबरीवरच ठेवा, काळी माती आहे, फसाल. मी बंडी घेऊन येतो."